भजनी मंडळाला आरोग्याच्या आराखड्यात जागा द्या : कोल्हापूर जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात आरोग्यासाठी जो निधी ठरतो, त्यातला थोडा भाग गावोगावची भजनी मंडळे, धनगरी ढोलपथके, शाहीर आणि तालमी यांच्यासाठी वेगळा ठेवावा. हा पैसा फलक-जाहिरातींवर जाऊ नये. आठवड्यातून एकदा माणसे एका ठिकाणी जमावीत आणि त्यांनी स्वतः गावे, वाजवावे, फेर धरावा, यासाठी तो खर्च व्हावा. एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

मी आरोग्य सेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षे गगनबावडा आणि शाहूवाडीकडच्या उपकेंद्रांत गेली. निवृत्तीनंतर कोल्हापुरात पेठेत राहते आणि आमच्या महिला भजनी मंडळात टाळ धरते. लसीचा डबा खांद्याला अडकवून वाड्या-वस्त्या चढलेली बाई आज आरोग्याच्या पैशातून भजनासाठी का मागते आहे, ते सविस्तर सांगते.

उपकेंद्रात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या असायच्या. मी त्या घरपोच द्यायची. पुढच्या खेपेला गेले की पाकीट जसेच्या तसे कोनाड्यात. एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, गोळ्या हायत की घरात. पर त्या खाऊन कुणासाठी जगायचं?" मुलगे मुंबईला, सुना-नातवंडे तिकडेच, शेजारची घरे कुलूपबंद. तिच्या कागदावर मी 'औषध नियमित घेत नाही' असे लिहिले. त्याहून जास्त लिहायला तिथे रकानाच नव्हता. त्याच गावात एकादशीच्या भजनाला न चुकता येणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. त्यांच्या गोळ्या सहसा चुकत नसत. कारण एखादी दिसली नाही की बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "काय गं, आली न्हाईस? दुखतंय काय?" हा पाठपुरावा कुठल्याही सरकारी योजनेला जमलेला मी पाहिला नाही.

हे झाले माझे डोळ्यांनी पाहिलेले. पण यावर जगात शिस्तीने काम झाले आहे, आणि गंमत अशी की त्यातले काही महत्त्वाचे काम समुद्रकाठच्या उतरत्या कळेच्या गावांत झाले आहे. आपल्याला समुद्र नाही, तरी त्या गावांची गोष्ट आपल्या फार जवळची आहे, म्हणून ती सांगते.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्लॅकपूल, मार्गेट, हेस्टिंग्ज, मोरकॅम अशी गावे आहेत. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांतले कामगार सुट्टीला तिथे जात. १९६०-७० नंतर लोक स्वस्त विमानाने स्पेनला जाऊ लागले आणि ही गावे रिकामी पडली. पर्यटकांसाठी बांधलेली जुनी लॉज खोल्या-खोल्यांनी भाड्याने जाऊ लागली. ज्याला दुसरीकडे परवडत नाही, तो तिथे येऊन राहिला. तरुण बाहेर गेले, म्हातारे उरले, कामे हंगामी झाली. इंग्लंडचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी प्राध्यापक ख्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल संपूर्णपणे किनाऱ्यावरच्या लोकांच्या आरोग्यावर लिहिला. गरिबी आणि वय यांचा हिशेब बाजूला काढला तरी किनाऱ्यावर आजार जास्त भरतात, असे त्यात दाखवले आहे. आजार जास्त, आणि डॉक्टर-परिचारिका मात्र तिथे टिकत नाहीत. ब्लॅकपूलच्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान साऱ्या इंग्लंडमध्ये सर्वांत कमी आहे. रस्ता जिथे संपतो तिथे ही गावे आहेत. एका बाजूला निम्मे जग पाणी. मोठे इस्पितळ, चांगली नोकरी, कॉलेज, सगळे पाठीमागे दूर.

आता गगनबावड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला कडा. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली कोकणात उतरतात, पावसाळ्यात दरड आली की तेही बंद. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस इथे. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड इकडच्या धनगरवाड्यांत आजही काही ठिकाणी आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. आणि इकडे शहरात सीपीआर हे मोठे सरकारी इस्पितळ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राजारामपुरीत आणि ताराबाई पार्कात पावलापावलाला खासगी दवाखाने आहेत. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही आहे. इंग्लंडच्या त्या अहवालात किनाऱ्याबद्दल जे लिहिले आहे, त्यातली कितीतरी वाक्ये धनगरवाड्यावर बसून वाचली तर परकी वाटत नाहीत.

त्यातून आपले सीपीआर हे घाटाखालच्या किनाऱ्याचेही इस्पितळ आहे. वैभववाडी, कणकवली, देवगडकडची माणसे अवघड दुखणे घेऊन घाट चढून इथे येतात. रुग्णाबरोबर आलेले दोघे-तिघे दिवसचे दिवस आवारात बसून असतात. त्यांच्याकडे बघा एकदा. समुद्रकाठच्या आरोग्याचा प्रश्न आपल्या दारात येऊन बसलेला आहे.

त्या इंग्लिश गावांनी कलेचा आधार घेतला, पण सगळे प्रयोग सारखे नव्हते. हा फरक तुम्ही लक्षात घ्यावा, कारण पैसा कुठे घालायचा हे त्यावरून ठरते.

मार्गेटला २०११ साली टर्नर कंटेम्पररी हे मोठे कलादालन उभे राहिले. पर्यटक आले, हॉटेले उघडली, लंडनचे चित्रकार राहायला आले. गावाला ऊर्जितावस्था आली हे खरे. पण घरभाडीही वाढली आणि त्याचा फटका आधीपासून तिथे राहणाऱ्या गरिबांना बसला. इमारत गावाच्या उत्पन्नाला उपयोगी पडली म्हणून ती खोलीत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या छातीला उपयोगी पडतेच असे नाही.

मार्गेट ज्या केंट परगण्यात आहे त्याच परगण्यात, फोकस्टन या किनाऱ्यावरच्या गावात, सिडनी डी हान या नावाच्या संशोधन केंद्राने अगदी साधे काम केले. साठीच्या पुढची २५८ माणसे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने पूर्व केंटमधल्या पाच ठिकाणी चौदा आठवडे, दर आठवड्याला एकत्र बसून गाणी म्हटली. दुसऱ्या गटाचे नेहमीचे आयुष्य चालू राहिले. तीन महिन्यांनी गाणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी भरली. सहा महिन्यांनी, म्हणजे गाण्याचे वर्ग संपल्यानंतरही, त्यांचे मानसिक स्वास्थ्य दुसऱ्या गटापेक्षा चांगले होते. हा अभ्यास २०१५ साली मानसोपचाराच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. यातल्या कोणालाही गाता येते का, अशी परीक्षा घेतलेली नव्हती. दमेकरी, धाप लागणाऱ्या रुग्णांचे गाण्याचे गटही त्याच भागात चालवून पाहिले गेले.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र पाहून कला आणि आरोग्य यांवर अहवाल काढला. आजार टाळणे आणि आजारात सावरणे, दोन्हींत कलेचा वाटा आहे असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षापासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने दवाखान्यांशी जोडलेले असे कर्मचारी मोठ्या संख्येने नेमायला घेतले, ज्यांचे काम रुग्णाला गावातल्या गाण्याच्या, चित्रांच्या, बागकामाच्या गटाशी नेऊन जोडणे हे आहे. डॉक्टर गोळ्या लिहितो, आणि हा माणूस रुग्णाला हाताला धरून गटात नेऊन बसवतो.

आपल्याकडे गटात नेऊन बसवणारा माणूस आधीच आहे. ती आशा ताई. गटही आधीच आहेत. ब्लॅकपूलला ते नव्याने जमवावे लागतात. आपल्याकडे क्वचितच एखादे गाव असेल जिथे पेटी, पखवाज आणि टाळ नाहीत. सोंगी भजनाच्या स्पर्धा रात्र-रात्र चालतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरी ढोल-कैताळाचा जो ठेका लागतो, त्यावर सत्तरीचे गडी तासन्‌तास पावले टाकतात. बायकांना झिम्मा-फुगडी शिकवावी लागत नाही. शहरात तालमी आहेत, लेझीम आहे, मर्दानी खेळ आहे, हलगी आहे. शाहीर पिराजीराव सरनाईक आणि लहरी हैदर यांची ही भूमी. आपण या सगळ्याकडे यात्रा-जत्रा आणि स्पर्धा म्हणून बघतो. मी त्याकडे दुर्लक्षित पडलेली आरोग्यसेवा म्हणून बघते.

शरीराचे बोलायचे तर, अभंग म्हणताना ओळ पुरी होईपर्यंत श्वास सावकाश सोडावा लागतो. चुलीच्या धुराने ज्या बायकांची छाती भरलेली असते त्यांना फुप्फुसे रिकामी करणेच जड जाते. श्वास लांबवण्याची ही सवय धापेच्या व्यायामात आम्ही वेगळ्या नावाने शिकवतो, आणि घरी कोणी तो करत नाही. भजनात तो आपोआप होतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर सुताच्या धुळीत पाळी काढणाऱ्या कामगारांच्या छातीलाही हे लागू आहे. फेर धरताना तोल सांभाळावा लागतो, आणि उतारवयात पडून मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय असते ते मी अनेक घरांत पाहिले आहे. बाकी मनाचे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ आणि करवीरमधल्या नदीकाठच्या गावांत भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, पण पाऊस वाढला की रात्रभर झोप न येणारी माणसे तिथे अजून आहेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे म्हटले तर, "मी काय येडा हाय?" असे उत्तर येते. भजनाला बोलावले तर येतात.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलायची आहे. आरोग्य खात्याने लोककलावंत आजवर वापरले नाहीत असे नाही. पण कसे वापरले? जीप येते, फलक बांधतात, पारावर वीस मिनिटांचे पथनाट्य होते, 'हात धुवा, लस टोचा' असे गाणे होते, फोटो निघतो, सरपंचांची सही होते आणि पथक पुढच्या गावाला जाते. बहुतेक सगळे मार्चच्या तोंडावर, निधी परत जाऊ नये म्हणून. यात कलावंतांचा दोष नाही. त्यांना मिळणारे मानधन तुटपुंजे आणि तेही उशिरा. पण गाव या सगळ्यात फक्त बघ्या असतो. संदेश ऐकून माणसाचा एकटेपणा जात नाही. आठवड्याला एकदा त्याच चेहऱ्यांबरोबर, त्याच जागी, आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळल्याने तो कमी होतो. म्हणून माझी विनंती आहे की भजनात साक्षरतेची किंवा मलेरियाची घोषणा घुसवू नका. लोकांना जे गायचे ते गाऊ द्या.

काय करता येईल, तेही सांगते. डोंगरी तालुक्यांपैकी दोन आणि शहर-इचलकरंजीतल्या दोन-चार श्रमिक वस्त्या निवडा. प्रत्येक ठिकाणी स्थानिक कलावंताला वर्षभर दर आठवड्याच्या बैठकीचे मानधन द्या. शासन ज्येष्ठ कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन देतेच. त्यांतले हिंडते-फिरते कलावंत या कामाला सहज मिळतील, आणि त्यांनाही कोणीतरी विचारल्याचे समाधान. आशा ताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्या. त्यांच्यावर आधीच ओझे आहे, फुकटचे आणखी एक काम लादले तर पहिल्याच महिन्यात ते कागदावर उरेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी केसपेपरवर गोळ्यांच्या खाली 'गुरुवार, समाजमंदिर' असे लिहावे. आणि बैठकीच्या ठिकाणी बीपी मोजण्याचे यंत्र आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आरोग्य सेविका हजर असावी. एवढे झाले तरी तपासणीला माणसे शोधत हिंडावे लागणार नाही.

हिशेबही ठेवा. मी अहवाल भरत आयुष्य घालवले आहे, मला त्याचा तिटकारा नाही. फक्त 'किती कार्यक्रम झाले' हे मोजू नका. कोण सलग येते, कोण यायचे थांबले, ज्यांच्या गोळ्या चुकत होत्या त्यांचे काय झाले, धाप लागणाऱ्या बाईला पाणी आणताना किती वेळा थांबावे लागते, हे मोजा. सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही तर तसे उघड सांगा आणि पैसा दुसरीकडे वळवा.

कोण येत नाही, हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. भजनी मंडळ म्हटले की गावातल्या ठरावीक आळीचे मंडळ, ठरावीक देऊळ. दलित वस्तीतली म्हातारी त्या देवळात मोकळेपणी बसेल का? मुस्लिम विणकर बसेल का? विधवा बाई फुगडीला उतरेल का? या प्रश्नांना बगल देऊन योजना केली तर जे आधीच जोडलेले आहेत तेच आणखी जोडले जातील आणि दरी वाढेल. कोल्हापूरला यावरचा उपाय बाहेरून आणायला नको. इथल्या कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. बैठकीची जागा देवळाऐवजी शाळा, समाजमंदिर, बुद्धविहार, तालीम अशी फिरती ठेवता येईल. कुठे अभंग होईल, कुठे भीमगीते, कुठे कव्वाली, कुठे धनगरी ओव्या. हंगामात मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर चार-पाच महिने आपल्याच शिवारात कोप्या घालून राहतात. त्यांचाही विचार व्हावा. त्यांच्या बायका दिवस उजाडायच्या आत फडात असतात, तेव्हा त्यांच्या वेळा त्यांनाच विचारून ठरवाव्या लागतील.

घाटाखालच्या लोकांसाठी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नियोजन समित्यांशी बोलावे अशीही विनंती आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पावसाळ्यात दशावतारी मंडळींचे प्रयोगही थांबलेले असतात, घाट धोक्याचे होतात. नेमक्या या महिन्यांत किनाऱ्यावरचा माणूस घरात अडकतो, आणि नेमके त्याच वेळी कलावंत रिकामे असतात. त्या महिन्यांत कलावंत गावागावांत बैठका घेऊ शकतील. तोवर निदान आपल्या हातात आहे ते करू. सीपीआरच्या आवारात नातेवाइकांना संध्याकाळी तासभर बसता येईल, ऐकता-गाता येईल अशी एक शेड द्या. मालवणी माणसाला तिथे कोणी त्याच्या बोलीत 'कसो आसस?' असे विचारले, तरी त्याला किती बरे वाटेल.

याने डॉक्टरची रिक्त जागा भरत नाही, हे मला कोणी सांगायला नको. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्याने. तिथे जलवाहिनीच दुरुस्त करावी लागते. धनगरवाड्याला रस्ता हवा, उपकेंद्राला सेविका हवी, रुग्णवाहिकेत डिझेल हवे. उद्या कोणी 'भजन चालू आहे ना, मग दवाखाना कशाला' असे म्हणू लागला तर सर्वांत आधी मी विरोधाला उभी राहीन. ही मागणी त्या मागण्यांच्या जोडीची आहे, त्यांच्या बदल्यातली नाही.

तालीम मंडळांनाही याच पत्रातून हात जोडून सांगते. गणपतीत डॉल्बीवर जो पैसा उडतो, त्याने म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या छातीत धडधड होते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला काही भाग गल्लीतल्या लेझीम-झांजपथकाला आणि संध्याकाळच्या बैठकीला द्या. तालमीचा हौदा तरुणांसाठी आहेच. दुपारच्या वेळी तिथली पडवी गल्लीतल्या आजी-आजोबांना उघडून द्या.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर रस्त्यावर आले. माणसे ढसाढसा रडली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान आणि १९१५ साली ते नाट्यगृह लोकांना दिले. खाँसाहेब अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारी होते, आणि कुस्तीचा फडही त्यांनी तेवढ्याच मायेने सांभाळला. नाट्यगृह उभे राहायलाच हवे, त्यासाठी पैसा जाहीर झाला याचा मला आनंद आहे. पण मार्गेटच्या कलादालनाचे उदाहरण मी वर दिले ते याच कारणासाठी. शहरातल्या एका इमारतीवर जेवढे प्रेम आपण दाखवले, त्याचा अंशभर तरी गगनबावड्यातल्या, पत्रा गळणाऱ्या समाजमंदिराच्या वाट्याला यावा. तिथे एक दिवा, एक सतरंजी आणि पेटी दुरुस्त करायला पैसे नाहीत म्हणून बंद पडलेली मंडळे मी पाहिली आहेत. ती रक्कम तुमच्या आराखड्यात कुठे दिसणारही नाही इतकी छोटी आहे.

पुढील वर्षाचा आराखडा तयार होण्यापूर्वी समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, आशा ताईंचे प्रतिनिधी आणि दोन-चार भजनी मंडळांच्या, ढोलपथकांच्या लोकांना त्या बैठकीला बोलवावे. मला बोलावले तर मी गावांची यादी घेऊन येईन: कुठे मंडळ आहे, कुठे बंद पडले, कुठे पेटीवाला अजून आहे आणि कुठल्या वाडीत एकट्या राहणाऱ्या किती जणी आहेत, ते सगळे. वेळ आणि ठिकाण कळवावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, कोल्हापूर